आईनं बाबांना क्वालालंपूर दाखवलं

माझे आईबाबा रस्त्यानं कधी बरोबरीनं चालले नाहीत. बाबा पुढे, आई मागे. भांडण नाही, रीत आहे. लग्न झालं त्याच वर्षी पेरणीला आई बाबांच्या तिफणीमागे चालली. बाबा बैल हाकायचे, आई मागून सरत्याच्या नळीतून तासात, म्हणजे तिफणीनं पाडलेल्या ओळीत, बी सोडायची. तिफण धरलेला माणूस वळून बघत नाही, तास वाकडं जातं. म्हणून बाबा नुसतं विचारायचे, "मागं हायेस ना?" आणि आई म्हणायची, "हाय."

आता आमच्या शेतात ट्रॅक्टर पेरतो. पण बाभुळगावच्या बाजारात, यवतमाळच्या दवाखान्यात, माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा हाच प्रश्न आणि हेच उत्तर. बाबांचं नाव रामराव आणि आईचं विमल, गावात सगळे तिला विमलताई म्हणतात. तिला एकटीनं कुठं जाताना मी लहानपणी पाहिलं नाही, त्यामुळे तिला वाटा समजत नाहीत असंच मी धरून चालले होते. बाबाही तसंच धरून होते.

मी क्वालालंपूरला चिप तपासणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. नवरा कपिल इथंच दुसऱ्या कंपनीत आहे. मला सातवा महिना लागला तेव्हा आईबाबा आले. दोघांचं परतीचं तिकीट पेरणीच्या आधीचं होतं आणि माझी बाळंतपणाची तारीख पेरणीनंतरची. मला विमानानं माहेरी जायला डॉक्टरांनी मनाई केली होती. आईनं मागे राहावं, बाळ झाल्यावर जावं, एवढंच मला हवं होतं. तिच्या व्हिसाचं कपिलनं बघून ठेवलं होतं. अडलं होतं ते बाबांपाशी.

"मले काय, राहो ना," बाबा म्हणाले, "पण जमन का तिले? बाभुळगावच्या स्टँडवर उतरली का मले शोधते ते. तुमी दोघं हापिसात जासान. मंग भाजी आणाची झाली, तुले दवाखान्यात न्याची झाली, तं काय करन? बोली समजत नाही, पाटी समजत नाही."

आई भेंडी चिरत होती. तिनं मान वर केली नाही. "पाटी समजते मले. सातवी पास हाओ. एबीसीडी येते."

"एबीसीडीनं दवाखाना येते का समोर चालत?"

"उद्या पोरगी हापिसात गेली का तुमाले हे गाव दाखवून आणीन मी. मंग बोला."

"गाव नोय हे, शहर हाय!"

"मोठं गाव," आई म्हणाली.

कपिलला हसू आवरेना. "मामाजी," तो सासऱ्यांना म्हणाला, "पैज लावा."

बाबांनी खरंच लावली. दिवसभर आई पुढे, बाबा मागे. मोबाइल आईपाशी, कारण बाबांच्या मोबाइलला इथलं सिम नव्हतं. आणि मला किंवा कपिलला फोन लावला की आई हरली. "मंग मुकाट्यानं माह्यासंगं इमानात बसाचं," बाबा म्हणाले.

मला ते अजिबात पटलं नव्हतं. मी रात्री आईला मोबाइलवरचा नकाशा शिकवायला बसले. तिनं थोडा वेळ बघितला आणि मोबाइल परत दिला. "तो निळा ठिपका लय हालते. माह्या भरवशाचा नाही तो."

तिच्याकडे दुसरी पद्धत होती, ती मला त्या रात्री पहिल्यांदा कळली. आईचं माहेर झरी जामणीकडचं, जंगलाच्या कडेचं. उन्हाळ्यात ती बायांबरोबर तेंदूपत्ता तोडायला जायची. तिथं मोठ्या बायांनी पोरींना एक गोष्ट शिकवलेली असते. जाताना प्रत्येक वळणावर एकदा मागे वळून बघायचं. वाट जाताना एक दिसते आणि येताना दुसरीच दिसते. परतताना जी दिसणार, ती आत्ताच बघून ठेवायची. "तुह्या बापाच्या मागं चालता चालता पाह्याची सवय सुटली थोडी," ती म्हणाली, "पण गेली नाही."

सकाळी दोघं निघाले. आईच्या पाचवारीखाली कपिलनं आणलेले पांढरे बूट, बाबांच्या डोक्यावर धुतलेली पांढरी टोपी. दोघांना मी हिरव्या-निळ्या नोटा दिल्या. आईनं स्टेशनच्या मशीनवर स्वतः बटणं दाबून दोन निळी प्लास्टिकची नाणी काढली. इथं तेच तिकीट. त्यातलं एक तिनं बाबांच्या हातात ठेवलं. "खिशात ठेवा. हरवलं तं बाहीर निघता येत नाही."

यापुढचं मी पाहिलेलं नाही. दोघांनी संध्याकाळी एकमेकांचं बोलणं तोडत सांगितलं, ते हे.

आमच्या भागातली मेट्रो ड्रायव्हरविना चालते. बाबा सगळ्यात पुढच्या काचेपाशी जाऊन बसले आणि गाडी सुटल्यावर ओरडले, "आवं, याले डायवरच नाही!"

"सुट्टीवर असन," आई म्हणाली.

मग गाडी बोगद्यात शिरली तेव्हा बाबांनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला, तिफण धरावी तसा.

जोड मनोरे बघून बाबांची मान दुखली. "एवढ्या वरतं करतेत काय?"

"हापिसं हायेत म्हणे."

"मंग खालतं काहून नाही करत? जागा तं भल्ली हाय."

तिथला एक फोटो आहे. एका गोऱ्या बाईनं काढून दिला. तिनं हातानं जवळ या, जवळ या असं कितीदा खुणावलं, तरी फोटोत दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस आरामात उभा राहील एवढी जागा आहे. दोघं कॅमेऱ्याकडे असे बघतात जणू आधार कार्डाचा फोटो आहे.

तोपर्यंत पैज नीट चालली होती, म्हणजे आईकडून. बाबांना मागे चालणं जमत नव्हतं. ते नकळत पुढे जायचे आणि आई पदर सावरत म्हणायची, "ओ, मागं या." ती वळणावर थांबून मागे बघायची तेव्हा बाबा वैतागायचे. "काय पाहून राह्यली? कोणी येऊन राह्यलं का मागून?"

"घरची वाट पाहून राह्यली," आई म्हणायची.

दुपारी ते जुन्या बाजाराकडे निघाले. आईला बाळासाठी झबली बघायची होती. त्याच्या आधीचं स्टेशन आलं मस्जिद जामेक. शुक्रवार होता, नमाजाची वेळ. दारं उघडली आणि अर्धा डबा उतरायला लागला. बाबा दारापाशी उभे होते. लोक उतरले तसे तेही उतरले, आणि वळून न बघता म्हणाले, "मागं हायेस ना?"

दार लागलं.

"मी हाय म्हटलं ना," आई मला सांगत होती, "पण काचेच्या आतून."

बाबांची टोपी गर्दीत पुढे जाताना तिनं पाहिली. ते अजूनही तिच्याशीच बोलत चालले होते. गाडी सुटली.

मोबाइलमध्ये माझं नाव सगळ्यात वर होतं. आईनं त्याच्यावर बोट ठेवलं, दाबलं मात्र नाही. ती मला म्हणाली, "पैजेचं वाटलंच मले, खोटं कायले बोलू. पण तुह्या पोटातल्याचं जास्त वाटलं. फोन लावला असता तं तू धावत आली असती, अन् मी चालली असती गावाले." मग तिनं स्वतःशी ठरवलं. एकदा स्वतः शोधायचं. नाही सापडले तर फोन, पैज गेली चुलीत.

ती पुढच्या स्टेशनवर उतरली, पलीकडच्या फलाटावर गेली, परत आली. फलाटावर बाबा नव्हते. दुसरं कोणी असतं तर तिथंच थांबलं असतं. पण आईला माहीत होतं ते थांबणार नाहीत, कारण त्यांचा एक जुना करार होता.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात बाबा बैल घ्यायला वणीला रंगनाथस्वामीच्या जत्रेत गेले होते, नव्या नवरीला घेऊन. बैलबाजारात दोघांची चुकामूक झाली. बाबा शोधून थकले आणि तहान लागली म्हणून रसवंतीवर गेले, तर घुंगरांचा आवाज ऐकून आई आधीच तिथं येऊन बसलेली. तेव्हापासून ठरलं, चुकलं की रसवंती. यवतमाळच्या दुर्गोत्सवात तेच, नागपूरला तेच. मी लहानपणी या करारावर पुष्कळ रस प्यायले आहे.

आई स्टेशनाबाहेर आली. नमाजाला निघालेल्यांची गर्दी लोटली होती. अख्खी गल्ली पांढऱ्या टोप्यांनी भरलेली. ज्या टोपीवरून बाबांना दुरून ओळखायचं, ती आज प्रत्येक डोक्यावर होती.

ती आधी वळली आणि स्टेशनाचं दार नीट बघून घेतलं. मग एका कापडवाल्याच्या दुकानात शिरली. त्याला हिंदी येत होतं. "भय्या, इधर रसवंती किधर है?"

त्याला काही कळेना. तिनं हातानं मोठं चाक फिरवून दाखवलं, ऊस धरून दाखवला, ग्लास तोंडाला लावला. दुकानातल्या पोरी हसायला लागल्या. "अच्छा, गन्ने का रस!" तो म्हणाला. "एक मोड पे है, एक पीछे गली में."

वळणावरच्या गाडीवर बाबा नव्हते. आईनं तिथं पुन्हा एकदा मोबाइल हातात घेतला. मग ठेवला आणि मागच्या गल्लीत शिरली. तिथंही वळून बघितलं, हे ती मला ठासून सांगते.

बाबा प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. समोर दोन ग्लास. एक रिकामा, एक भरलेला आणि त्यावर त्यांचा रुमाल झाकलेला.

"किती उशीर!" बाबा म्हणाले. "बरफ इरघळला सारा."

"तुमी उतरले काहून? मी सांगतलं होतं का?"

"लोक उतरले."

"लोकायसंगं लगीन लावलं होतं का मंग?"

गाडीवाल्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण तोही हसला. बाबांनी ग्लास पुढे सरकवला. मग खाली बघत म्हणाले, "इथं मशीन लायटीवर हाय. घुंगरूच नाही. म्हटलं, तुले कसं समजन?" आणि विचारलं, "पोरीले फोन लावला?"

"नाही."

बाबांनी आईकडे बघितलं. आई सांगते, त्यांनी लग्नातही असं बघितलं नव्हतं. आई रस प्यायली. "अद्रक नाही," ती म्हणाली. "आपल्याकडचा बरा."

तिथून घरी जाता आलं असतं. पण आई त्यांना जुन्या बाजारात घेऊन गेली, झबली घेतली, दोन नद्यांचा संगम दाखवला आणि मगच गाडीत बसवलं. परतीच्या पूर्ण वाटेवर बाबांनी तिच्या पिशवीचा बंद धरून ठेवला होता.

मी दिवसभर ऑफिसात मोबाइलकडे बघत होते. संध्याकाळी बेल वाजली. दारात आधी आई आणि तिच्या खांद्यामागे बाबा. मी दोघांना या क्रमानं कधी पाहिलं नव्हतं. चपला काढायच्या आत बाबा कपिलला म्हणाले, "जवाईबापू, हिचं तिकीट पुढं ढकला. मी एकटा जातो पेरणीले."

"म्हणजे मामी जिंकल्या?"

"हरवलो मी. हुडकलं हिनं. आता तुमीच पाहा कोण जिंकलं ते."

मग आईच कावरीबावरी झाली. "अन् तुमाले भाकर कोण देईन?"

"शेजारी रुक्माबाई हाय, देईन. अन् मले पिठलं येते."

"पिठलं! गाठीचं आळण येते तुमाले."

ठरल्या दिवशी बाबा गेले. कपिलची कामाची पाळी होती म्हणून विमानतळावर आम्ही दोघीच गेलो. बाबा टोपी नीट करून आत शिरले, आणि रांगेत लागण्याआधी थांबून मागे वळले. आई काचेपाशीच उभी होती. तिनं हात वर केला.

परत येताना मी मोठ्या स्टेशनवर सवयीनं ऑफिसच्या बाजूच्या फलाटाकडे निघाले. आईनं माझा दंड धरून मला वळवलं. "तिकडं नोय, घर इकडं हाय." ती पुढे झाली. साडीखालचे पांढरे बूट जिन्यावरून भराभर उतरायला लागले, मी पोट सांभाळत मागून.

"मागं हायेस ना?" तिनं विचारलं, आणि वळून बघितलं.