सुट्टीला सुमंत आहे

पिस्कॅटवेतल्या त्या औषधं पुरवणाऱ्या कंपनीत एक वाक्य गेली अकरा वर्षं वेदवाक्यासारखं चालत आलं आहे: सुट्टीला सुमंत आहे. थँक्सगिव्हिंग असो, ख्रिसमस असो, चार जुलै असो, सगळं न्यू जर्सी दारं लावून घरी जेवत असतं आणि सुमंत वायंगणकर रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी लावून आत जातो. हॉस्पिटलांच्या ऑर्डरींना सणवार नसतो. त्या घेणारी सिस्टिम बंद पडली तर उठवायला एक माणूस इमारतीत हजर हवा, असा कंपनीचा नियम आहे.

हे दुखणं त्याने स्वतःच ओढवून घेतलं. मुंबईहून नवा आला होता, व्हिसा कंपनीच्या हाती. पहिल्याच नोव्हेंबरात शेजारच्या टेबलावरच्या डेबीने विचारलं, माझी थँक्सगिव्हिंगची ड्यूटी करशील का? सुमंतला त्या सणाच्या टर्कीच्या जेवणाचं काय सोयरसुतक? त्याने ड्यूटी घेतली आणि बदल्यात दिवाळीचा एक दिवस मागितला. इथल्या बहुतेक देशी माणसांनी हा सौदा कधी ना कधी केलेला असतो. तुमचे सण आम्ही सांभाळतो, आमचा तेवढा एक आम्हाला द्या. बाकीचे दोन-तीन वर्षांत शहाणे होतात. हा झाला नाही. उलट चौथ्या वर्षी, दर सुट्टीला तीच आर्जवं ऐकायला नकोत म्हणून त्याने ड्यूटीच्या तक्त्यात स्वतःच्या हाताने सोय करून ठेवली, की कंपनीची अधिकृत सुट्टी आली की नाव आपोआप सुमंतचं पडेल. सगळ्यांनी पाठ थोपटली. स्वतःच्या पायावर इतका बेतशीर धोंडा मारून घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्याची मुलगी आन्या पहिलीत असताना बाईंनी वर्गात विचारलं होतं, सुट्टी म्हणजे काय? हिने लिहिलं, ज्या दिवशी माझे बाबा ऑफिसला जातात तो दिवस. घरी सगळे पोट धरून हसले. सुमंतच्या बायकोने, सुवर्णाने, तो कागद फ्रिजवर लावला. त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

दिवाळी मात्र त्याची होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे सुवर्णा उटणं लावायची, आंघोळी व्हायच्या आणि मग नरकासुर म्हणून दारात कारेटं, ते कडू रानफळ, फोडायचं. न्यू जर्सीत कारेटं कुठून आणणार? सुमंत दुकानातून ब्रसेल्स स्प्राउट आणायचा, अंगठ्याएवढे कोबीचे गड्डे, आणि बापलेक डाव्या पायाने ते उंबऱ्यावर चिरडायचे. आन्याला ती भाजी खायला मुळीच आवडत नाही. चिरडायला मात्र ती दर वर्षी सगळ्यांच्या आधी उठायची.

यंदा ती सतरा वर्षांची झाली. पुढच्या वर्षी कॉलेजसाठी मिनेसोटाला जाणार.

"बाबा, ही माझी घरातली लास्ट दिवाळी आहे. यू बेटर बी देअर."

"मी कुठे जातोय?" सुमंत म्हणाला.

त्यातच ऑफिसमधल्या देशी मंडळींनी अर्ज केला, की दिवाळी कंपनीची अधिकृत सुट्टी करावी. मसुदा सुमंतने लिहिला. पहिली सहीही त्याचीच. सप्टेंबरात अर्ज मंजूर झाला, कँटीनमध्ये बर्फी वाटली, फोटोत त्याला मधोमध उभं केलं. दोन दिवसांनी नवा तक्ता आला. दिवाळी, अधिकृत सुट्टी. ड्यूटी, सुमंत वायंगणकर.

सुमंत टीमचा प्रमुख परीक्षित याच्याकडे गेला. परीक्षित पुण्याचा, वयाने लहान.

"हा एक दिवस तरी सोड यार मला."

"अरे, सिस्टिमने टाकलंय ते. आणि माझे आई-बाबा आलेत, त्यांची इथली पहिली दिवाळी. तू कुणाशी तरी स्वॅप कर ना."

मग डेबी. तिचे नऊ ख्रिसमस याने सांभाळले होते. ऑफिस बंद म्हणून तिने समुद्रकाठी हॉटेल बुक केलं होतं. "फार वाईट वाटतं रे," ती मनापासून म्हणाली, "पण त्या दिवशी आपल्याला सुट्टी आहे ना." आणि वर हॅपी दिवाली म्हणाली.

त्याने वर जाऊन भांडायला हवं होतं. पण ग्रीन कार्डाची रांग अजून सरलेली नाही, आणि त्या रांगेत तो कंपनीच्या नावावर उभा आहे. अकरा वर्षं असं उभं राहिलेल्या माणसाचं तोंड उघडत नाही. मला त्याची कीव येते आणि रागही येतो, आणि राग जास्त येतो.

दिवाळीच्या दिवशी, नरकचतुर्दशीच्या पहाटे पाचला, तो हजर झाला. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "आज तुमचाच सण ना? मग तुम्ही इथे कसे?" सुमंतने कार्ड दाखवलं. आत ओळीने रिकाम्या खुर्च्या होत्या. सिस्टिम धडधाकट चालू होती, तिला त्याची काही गरज नव्हती.

सातला आन्याचा व्हिडिओ कॉल आला. केस ओले, कानामागे उटणं राहिलेलं. तिने फोन उंबऱ्याकडे वळवला. दोन गड्डे चिरडलेले होते.

"तुझंपण मीच फोडलं, बाबा."

"पुढच्या वर्षी मी नक्की..." तो बोलला आणि थांबला. पुढच्या वर्षी ती घरात नसणार होती.

"इट्स ओके, बाबा. आता दिवाळी इज अ रिअल हॉलिडे."

तिने टोमणा मारला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती टोमणा मारत नव्हती. सुट्टी म्हणजे काय, हे तिला पहिलीपासून ठाऊक होतं.