चौथ्या ओळीतला पक्षी

तोआकासेचा हात टोंगा बेटावरच्या अख्ख्या कोलोंगा गावाला ठाऊक होता. झाडाची साल कुटून, चिकटवून न्गातूचं लांबरुंद कापड करायचं ते सगळ्या बायकांनी मिळून. तपकिरी रंग चोळायचा तोही सगळ्यांनी. शेवटची काळी रेघ ओढायची वेळ आली की मात्र तिलाच हाक जायची. केवड्याच्या फळाचा कुंचला घेऊन ती गुडघ्यांवर बसली की गप्पांचा आवाजसुद्धा खाली यायचा.

तेवीस वर्षांपूर्वी ती असंच एक न्गातू रेखत होती. पक्ष्यांच्या ओळीमागून ओळी. चौथ्या ओळीत असताना बातमी आली, की तिच्या भावाची, होपोआतेची होडी खडकांवर येऊन लागलीय आणि होडीत कुणी नाही.

देह सापडलाच नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा कुंचला हातात घेतला. उरलेलं सगळं रेखलं, फक्त चौथ्या ओळीतला एक पक्षी तिच्या हातून उतरेना. शेजारची वाइमोआना वाकून बघत म्हणाली, "अगं, एक राहिलाय की!"

"राहू दे," तोआकासे म्हणाली.

वाइमोआनानं पुढे विचारलं नाही. बहीणभावानं एकमेकांशी जपूनच वागायचं, एका छपराखाली फार वेळ बसायचंसुद्धा नाही, अशी तिथली रीत. भावाशी ती आयुष्यात मोकळेपणानं बोललीच नव्हती. जे काही बोलली, ते त्या रिकाम्या जागेत. ते न्गातू होपोआतेच्या अंत्यविधीत, देहाऐवजी ठेवलेल्या फोटोखाली अंथरलं गेलं. नंतर नातेवाइकांच्या वाट्याला आलं आणि ऑकलंडला गेलं.

गेल्या वर्षी ती राजधानीत, नुकुआलोफाच्या बाजारात सुया घ्यायला गेली होती. दुकानात कापडाचा तागा उभा होता. तपकिरी जमीन, काळे पक्षी. तिनं जवळ जाऊन हात लावला. गुळगुळीत, घामट वाटणारं नायलॉन.

"पोरी, उलगड जरा."

"किती देऊ, काकी? पडद्याला छान दिसतं. कितीही धुवा, रंग जात नाही."

"आधी उलगड."

पोरगी उलगडत गेली. चौथ्या ओळीत एक जागा रिकामी. हातभर पुढे पुन्हा रिकामी. आणखी पुढे पुन्हा. तोआकासे बोट ठेवून एकेक रिकामी जागा मोजू लागली. पोरगी बघतच राहिली. आपल्या त्या न्गातूचा कुणी फोटो काढला असेल, कुठं छापलं असेल, हे त्या पोरीला विचारून काय उपयोग होता?

मग ते कापड तिला सगळीकडे दिसू लागलं. बसवाल्याच्या शर्टावर, चर्चमधल्या टेबलावर, लांबच लांब पंगतीच्या चादरींवर. सुरुवातीला ती नजर वळवायची. महिन्याभरानं एकदा बसमध्ये ती ड्रायव्हरच्या पाठीमागे बसून घरापर्यंत आली आणि उतरल्यावर तिच्या लक्षात आलं, की त्या शर्टाकडे बघूनही आपल्याला काही झालं नाही. त्या दिवशी ती जेवली नाही.

यंदा होपोआतेची मुलगी लुसेआने ऑकलंडहून आली. तिच्या लेकीचा पहिला वाढदिवस गावात करायचा होता. बाप गेला तेव्हा लुसेआने चार वर्षांची होती. आत्यापुढे खाली बसून तिनं आदबीनं म्हटलं, "आत्या, बाळासाठी न्गातू तुमच्याच हातचं हवं. तेच पक्ष्यांचं. आणि ती रिकामी जागाही सोडायची हं!"

"ती कशाला?"

"असं काय, आत्या! येणाऱ्या पाहुण्यासाठी सोडायची ना? जुनी रीतच आहे ती. तिकडं सगळ्यांना माहितीय."

साल कुटणाऱ्या दोघी तरण्या बायकांनीही माना डोलावल्या. "आम्हीसुद्धा सोडतो," एक म्हणाली. वाइमोआनानं कुटणं थांबवून तोआकासेकडे पाहिलं.

"पाहुणा कसला आलाय?" तोआकासे म्हणाली. "तुझ्या बापाची जागा आहे ती. मला तिथं पक्षी काढता आला नाही."

लुसेआनेनं आपल्या हातांकडे पाहिलं. "माझ्या स्वयंपाकघरात त्याचा पडदा आहे," ती म्हणाली. "मी त्याला हात पुसते, आत्या. तुम्ही कधी सांगितलं का नाहीत?"

तोआकासेनं वाइमोआनाची मोगरी उचलली आणि साल कुटायला घेतली.

न्गातू रेखायची वेळ आली. चौथ्या ओळीशी आल्यावर तिनं कुंचला उचलला आणि जागा सोडून बघितली. ती सोडलेली जागा तिला दुकानातल्या ताग्यासारखी दिसली. ती आपल्याच हाताची नक्कल करत होती. मग तिनं तिथं पक्षी रेखला. रेघ थोडी वाकडी गेली. वाढदिवसाला मांडवात न्गातू पसरलं, तेव्हा एक पाहुणा हसून म्हणालाच, "म्हातारीला विसर पडला वाटतं, जागा सोडायची राहिली!" लुसेआने उठून बाहेर गेली.

ऑकलंडला परतल्यावर तिनं ते मूळ न्गातू शोधायला घेतलं. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला.

"आत्या, ते नाही. चार वर्षांपूर्वी तिकडची एक मावशी वारली, तिच्या थडग्यात अंथरलं ते. मातीत गेलं."

"चांगल्या कामाला लागलं," तोआकासे म्हणाली. माणसाबरोबर मातीत जावं, हीच न्गातूची रीत. पण आता जगात ती रिकामी जागा उरली होती, ती नायलॉनवरचीच. तिनं विचारलं, "आणि तुझा तो पडदा?"

"काढला. त्याच्यासमोर स्वयंपाक होईना. टाकवतही नाही. कपाटात ठेवलाय."

"खिडकी उघडीच?"

"हो."

"बाळाच्या डोळ्यांवर ऊन येत असेल."

"येतं, आत्या."

पडदा परत लाव म्हणावं की नको, ते तोआकासेला ठरवता येईना.