कुलपाबाहेरचा वर्ग

रहीम मास्तरांची आणि माझी ओळख झाली ती मी लिहिलेला कागद त्यांनी परत केला तेव्हा. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतरची ती पहिली वर्षे. तरुणांसाठी काय करावे हे तरुणांनाच विचारायचे, असे आमच्या नगरपालिकेने ठरवले आणि आम्हा दहाजणांचे सल्लागार मंडळ नेमले. मी नुकताच मॅट्रिक झालेला, म्हणून बैठकीचा वृत्तांत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मास्तर त्या वेळी नगरपालिकेचे सदस्य होते.

बैठकीत घोंगड्या विणणारा धोंडिबा म्हणाला होता, "दिसभर मागावर बसतो. सांजच्याला कुणी अक्षर शिकवलं तर आमी धा-बारा जण येऊ. करोडगिरीचा नाका नुसता कुलपात पडलाय, त्यो द्या." बार्शीच्या रस्त्यावर निजामाच्या काळी जिथे मालावर जकात घेत, त्या रिकाम्या इमारतीबद्दल तो बोलत होता. मी लिहिले : "युवकांनी विविध सूचना केल्या."

मास्तरांनी चष्मा वर केला. "बेटा, ह्यात धोंडिबा कुठंय?"

"मास्तर, सरकारी कागदात असंच लिहितात."

"मग नाका कुणाला द्यायचा? विविध सूचनांना?"

मी मान खाली घालून पुन्हा लिहिले. धोंडिबाचे शब्द, त्याच्याच बोलीत. पुढे वर्तमानपत्रात इतकी वर्षे काढली, पण त्याहून चांगला धडा मला कोणत्याही संपादकाने दिला नाही.

तो कागद नगरपालिकेच्या सभेत आमच्यासमोर वाचला गेला तेव्हा सदस्य हसले. "आता घोंगडीवाला अक्कल शिकवणार व्हय?" एकजण म्हणाला. अध्यक्षांनी चहा मागवला. "पोरांनो, चहा घ्या. विचार करू."

मास्तर उठले. "चहाला न्हाय बोलावलं त्यांना, सल्ल्याला बोलावलंय. हो म्हणा, न्हायतर न्हाय म्हणा. आन् न्हाय का, तेबी लिहून द्या."

"मास्तर, तुमचा जमाना गेला आता," मागून कोणी तरी टोमणा मारला. त्याचा रोख कशावर होता हे सभेतल्या प्रत्येकाला कळले. एकानेही त्याला गप्प केले नाही. मास्तर शांतपणे म्हणाले, "म्हणून तर ह्यांचं ऐका म्हणतो."

ठराव मंजूर झाला. कुलूप मात्र निघाले नाही. किल्ली सापडत नाही, असे सांगण्यात आले. महिन्याभरात त्याच नाक्यात एका सदस्याचा कडबा रचला गेला. कडब्यासाठी किल्ली सापडली!

मास्तरांनी घरचा कंदील आणला आणि नाक्याच्या बाहेरच्या ओट्यावर वर्ग सुरू केला. ते मूळचे उर्दू शाळेतले; चाळिशी उलटल्यावर स्वतः मराठी लिहायला शिकले होते. त्यामुळे चुकणाऱ्याला त्यांनी कधी हिणवले नाही. थंडीत धोंडिबाने त्यांच्यासाठी घोंगडी आणली, तर मास्तरांनी ती सगळ्यांना बसायला अंथरली. त्या ओट्यावर धोंडिबा वाचायला शिकला. त्याने पहिल्यांदा मोठ्याने वाचला तो नगरपालिकेचा ठराव. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मास्तर, ह्यात तर नाका आमाला दिलाय की."

मास्तरांनी त्याला त्या ठरावाची नक्कल उतरवून घ्यायला लावली. ती आजही त्याच्याकडे आहे.

मास्तरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने मला कळवले, "कटू प्रसंग टाळावेत." आजवर मी सांगितल्याबरहुकूम मजकूर कापला आहे. हा कापणार नाही. ज्यांनी मास्तरांना ओट्यावर बसवले तेच त्यांना मंचावर बसवणार आहेत, आणि नाक्याला अजून कुलूप आहे. तरुणांना विचारायचे, त्यांना चहा पाजायचा आणि कडबा आत ठेवायचा, याला सल्ला घेणे म्हणत नाहीत.

मास्तरांना निरोगी दीर्घायुष्य लाभावे, त्यांची नजर अशीच तीक्ष्ण आणि आवाज असाच खणखणीत राहावा, हे माझे मनापासूनचे मागणे आहे. समितीने शाल अवश्य घालावी. पण त्या दिवशी नगराध्यक्षांनी नाक्याची किल्ली खिशात घालून यावे. धोंडिबा ठरावाची नक्कल घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि आता ती त्याला वाचता येते.