जर्मन सिनेमातली थाप

मंडळी, आज दुपारी आईसोबत जुना जर्मन सिनेमा बघितला. छोटं गाव, प्रेमात पडलेली पोरगी, रागीट बाप. भाषा आम्हा दोघींनाही कळत नव्हती.

सिनेमात कुणीतरी दारावर थाप मारली आणि आई ताडकन उठून आमचंच दार उघडून आली.

"अगं, टीव्हीत वाजलं!"

"ठाव हाय मना."

हे दार तारापूरजवळच्या आमच्या जुन्या गावातलं. साठच्या दशकात अणुवीज प्रकल्पासाठी गाव उठलं, तेव्हा आजोबांनी ते चौकटीसकट इथे आणून बसवलं. लाकूड चांगलं म्हणून, असं मी आजवर समजत होते.

आई म्हणाली, "गाव उठायच्या आदी माजा भाऊ होडी घेऊन गेला, तो आलाच नाय. बा बोलला, गाव नाय तर दार तरी वळखंल तो."

दार अजून सताड उघडं आहे. कडी लावायला माझा हात होत नाहीये. तुम्ही लावली असती?