मोठ्या मायच्या हातावरची वेल

आधी एक दुरुस्ती. मागे मी तुम्हा मैत्रिणींना कळवलं होतं की मोठ्या मायची नस मेली, करंगळी आता कायमची बधिर. ते चूक होतं... डॉक्टरांचं बोलणं मी घाबरून अर्धंच ऐकलं होतं.

मोठी माय म्हणजे माझी थोरली काकू. चुलीच्या राखेत माझं बोट धरून मला अक्षरं शिकवली ती तिनंच. दिवाळीनंतर धान कापताना विळा तिच्या कोपराखाली खोल लागला आणि गोंदियाच्या डॉक्टरांनी तुटलेली नस शिवली.

हे डॉक्टर लढाईवर जाऊन आलेले, सैनिकांचे असे हात पाहिलेले. संक्रांतीला मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, नसेतला जखमेपुढचा धागा मरतो, पण तो जिच्यातून निघतो ती पेशी मानेपाशी, कण्याजवळ जिवंत असते... तीच मेलेल्या धाग्याच्या रिकाम्या नळीतून नवा धागा पुढे धाडते, आठवड्याला फार तर धानाच्या दाण्याएवढा. कोवळ्या धाग्यावर वेष्टण मागाहून चढतं. तोवर त्याच्या टोकावर टिचकी मारली की बोटात झिणझिण्या येतात.

घरी मात्र मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, म्हणाले, "मुंग्या येऊन राहिल्या म्हणजे वारं शिरलं. डाग द्या लागते." बधिर हात आमच्याकडे तापल्या सळईनं डागतात. डागणारा येत्या मंगळवारी येणार असं ठरलंही. तिला चटका कळणार नाही, आणि धागाच जळाला तर?

मोठ्या मायच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदणाची वेल आहे. संक्रांतीला तिसऱ्या पानावर झिणझिण्या यायच्या. परवा अंगणात मी टिचकी मारत गेले. तिसऱ्यावर काही नाही... चौथ्यावर नाही... पाचव्यावर ती ओरडली, "अवं पोरी, करंगळीले विंचू चावला न!"

मोठे बाबा उठून आले. "सोंग करतेस का वं?"

"मी तोंड फिरवून तिकडं पाहून राहिले. मारा कुठंबी!"

त्यांनी वरून खाली टिचक्या मारल्या. पाचव्या पानावर ती पुन्हा दचकली, आणि मग हसतच सुटली. मोठ्या बाबांनी त्या पानावर बोट टेकवलं. "डॉक्टरले पूस. तो नाई म्हणन त डाग नाई."

बोटं पूर्वीसारखी होतील असं वचन डॉक्टरांनी दिलेलं नाही, म्हणून मीही देत नाही. पण धागा दोन पानं उतरलाय, हे आम्ही तिघांनी पाहिलं.

मंगळवारच्या आधी सोमवार येतो. त्या सकाळच्या गाडीनं मी तिला गोंदियाला घेऊन जाणार आहे.