पाच भावांची चूल

आंब्याच्या पेटीत गवत दाबत बसलो होतो, तेव्हा तात्या गेल्याची बातमी आली. हातातला आंबा हातातच राहिला. त्याला आता दीड महिना झाला. पण तात्यांची आठवण आली की अजूनही आधी हसू येतं, डोळे मागाहून भरतात...

तात्या आमच्या देवगडच्या शाळेत संस्कृत शिकवत, मी गणित. स्वातंत्र्यानंतर दोन-चार वर्षांनी ते सावंतवाडीकडून इथे आले आणि येताना एक वेड घेऊन आले. प्राचीन महाकाव्यातलं युद्ध खरोखर घडलं होतं, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. “कवीने रथ सोन्याचा केला असेल,” ते वर्गात म्हणत, “पण लाकडाचं चाक कुणीतरी पाहिलंच असणार.” मी पुरावा मागितला की मात्र ते उसळून घरच्या बोलीवर येत. “दोन घरां जमिनीवरसून भांडली, ह्यां खोटां म्हणतस? कोकणातलो माणूस असान?” आंब्याच्या चार कलमांवरून तेव्हा माझाच चुलत्यांशी दावा चालू होता.

पुढे कुणकेश्वरच्या वाटेवर, सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ माळावरच्या, कातळाच्या आडोशाला असलेला एक काळा खळगा त्यांना कुणीतरी दाखवला. महाकाव्यातल्या त्या पाच भावांनी वनवासात इथे चूल मांडली होती, अशी गावात बोलवा होती. तात्यांनी दिवाळीची सगळी सुट्टी तिथे उकरण्यात घालवली. हातभर खाली राख लागली, भाजलेली माती लागली, शिंपल्यांचे तुकडे लागले. ती राख त्यांनी बिस्किटांच्या डब्यात भरली आणि वर चिठ्ठी चिकटवली, ‘पाच भावांची चूल’. दहा वर्षं रखडलेला निबंध पंधरा दिवसांत पुरा झाला आणि रविवारी वाचनालयात तो वाचायचं ठरलं.

शनिवारी ते मला ती जागा दाखवायला घेऊन गेले. शेजारच्या वाडीतली म्हातारी गंगूआये डोक्यावर सरपण घेऊन चालली होती. तात्यांनी उकरलेला खड्डा बघून ती थांबली.

“मास्तरानू, ती चूल न्हय. माझ्या सासऱ्याची चुन्याची भट्टी ती. शिंपले भाजीत हंय.”

“मग पाच भाऊ?” तात्यांचा आवाज उतरला होता.

“तां मियांच सांगितलंय! पोरां थंय खेळाक जायत, भाजून घेयत. म्हटलां, हात लावश्यात तर ते भाऊ रागावतले.”

दहा वर्षांची मेहनत एका म्हातारीने सरपणाचा भाराही न उतरवता निकालात काढली होती. उद्या ते आजारी पडणार, असं मी धरूनच चाललो.

रविवारी वाचनालयात माणूस मावत नव्हता, लोक खिडक्यांत बसले होते. तात्या उभे राहिले, निबंध बाजूला ठेवला आणि भट्टीची हकिगत पहिल्यापासून सांगितली, गंगूआयेच्या आवाजासकट. लोक पोट धरून हसले, सर्वांत जास्त तात्याच. मग म्हणाले, “चाळीस वर्षांत भट्टीची चूल झाली. मग हजारो वर्षांत कशाचं काय झालं असेल! पण म्हणून भट्टी नव्हतीच, असं कोण म्हणेल?” त्या दिवसापासून ते जुना निबंध सोडून नवा लिहू लागले, तो शेवटपर्यंत पुरा झाला नाही.

बाराव्यानंतर तात्यांच्या पत्नीने, काकींनी, एक जुना डबा माझ्या हातात दिला, वरची चिठ्ठी कधीच गळून पडली होती. झाकण उघडलं, आत राख. मी दचकलो.

“भावजी, भियाव नकात,” रडता रडता काकी हसल्या. “ही तेंची न्हय. भट्टीची!”

डबा आता माझ्या टेबलावर आहे. त्याच्यासमोर खोटं लिहवत नाही, म्हणून सांगतो. वाचनालयात त्या दिवशी आम्ही चौदाजण होतो आणि खिडकीत फक्त मांजर होतं. दीड महिन्यात माझ्याही गोष्टीला माणसं वाढू लागली आहेत, पुढे आणखी वाढतील. वाढू देत. पण राख खरी आहे, आणि तात्या होते.