शेवटचं वाक्य सुरात

तमाम रसिकांना जड अंतःकरणाने कळवण्यात येतं की, अमेरिकेच्या संगीत रंगभूमीचा कतारमधल्या दोह्यातला आधारस्तंभ कोसळला आहे. अमेरिकेला अद्याप याची कल्पना नाही. हा स्तंभ म्हणजे प्रभाकर सबनीस, पेशाने गॅसच्या पाइपलाइनचा इंजिनिअर, माझा ऑफिसातला सोबती आणि इथल्या अल रय्यान वस्तीतला शेजारी. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी त्याच्या बायकोचा, सुधावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठत नाहीयेत." मी धावलो. डॉक्टर येऊन गेल्यावर दारातल्या त्याच्या चपला मी सरळ लावून ठेवल्या. बाकी मला काही झालं नाही... अजूनही होत नाही.

प्रभाकरचे वडील नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे. त्यांचा एकच नियम होता, गाण्याआधीचं शेवटचं वाक्य त्या गाण्याच्या सुरातच बोलायचं, म्हणजे बोलणं कधी संपलं आणि गाणं कधी लागलं ते कळतच नाही. हा नियम प्रभाकरने दोह्याला आणला आणि त्याच्या मुलीने, इराने, न्यूयॉर्कला नेला. ती तिकडे म्युझिकल्स बसवते. दर शुक्रवारी संध्याकाळी तिकडे पियानोवर तिचा लॅपटॉप आणि इकडे हा लुंगी नेसून पेटीवर. सहा फुटी गोरे नट त्याला 'बाबा' म्हणायचे. वाक्य सुरातून घसरलं की हा ओरडायचा, "यल्ला, परत!" यल्ला म्हणजे अरबीतलं 'चला', पण तो मराठी शब्द आहे अशी तिकडे सगळ्यांची ठाम समजूत. मी म्हटलं, "अरे, मातृभाषेची तरी लाज राख." तर म्हणाला, "तू गप रे. तू टाळ्यासुद्धा बेसूर वाजवतोस." पुढे ते नट दुसऱ्यांच्या नाटकांतही तसंच बोलायला लागले, तिथल्यांनी त्यांचं उचललं... हे सांगताना इराचे डोळे चमकायचे.

पुण्यात सगळं उरकून मायलेकी परवा परतल्या, कारण कंपनीचं घर रिकामं करायचं होतं. इराने स्वतः लिहिलेल्या पहिल्या म्युझिकलचा पहिला प्रयोग दोन आठवड्यांवर आलेला, आणि ती खोक्यांमध्ये बसून होती.

"आय कान्ट हिअर इट, काका. बाबा गेल्यापासून सूर बरोबर की चूक, काही कळतच नाही. मी थिएटरवाल्यांना सांगणार आहे, दुसरं कुणीतरी बघा."

मी खोक्याला चिकटपट्टी लावली.

तेवढ्यात लॅपटॉप वाजला. शुक्रवार होता. पडद्यावर सगळे नट दाटीवाटीने उभे होते. त्यांतला मुख्य नट म्हणाला की, बाबांसाठी एकदा म्हणतो, आणि त्याने गाण्याआधीचं ते शेवटचं वाक्य म्हटलं. इराने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. तिकडे सगळे निकालाची वाट बघत थांबलेले. आणि 'मला बाई गाण्यातलं काही कळत नाही' असं तीस वर्षं सांगत आलेल्या सुधावहिनी डबे बांधता बांधता स्वयंपाकघरातून ओरडल्या,

"अहो, सूर खाली लागलाय त्याचा! सांगा ना त्याला!"